पहिला यो-यो प्लास्टिकचाच घ्या, का ते सांगतो

माझा भाचा सातवीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला तेव्हा मोबाईलवर एका निळ्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या यो-योचा फोटो दाखवून म्हणाला, "मामा, मला हाच पाहिजे, प्लास्टिकचे काय, खेळण्यातले असतात." मी त्याला प्लास्टिकचाच घेऊन दिला. दोन दिवस रुसला होता. पण मी गेली दहा-बारा वर्षं यो-यो खेळतोय, घरी मेटलचे पाच आहेत आणि प्लास्टिकचे किती ते मोजले नाहीत, आणि तरी घराबाहेर पडताना खिशात जातो तो प्लास्टिकचाच. त्याला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि दर वेळी घाईघाईत अर्धवटच सांगून होतं.

आधी यो-यो म्हणजे काय तेच बघू. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात यो-यो म्हणजे जत्रेत मिळायचा तो, दोन प्लास्टिकच्या वाट्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या, मधल्या दांडीला दोरा गाठ मारून बांधलेला, खाली सोडला की वर येतो आणि एवढंच करतो. दोरा दांडीला पक्का बांधलेला असेल तर यो-यो तळाला पोचला की दोरा उलट्या बाजूने गुंडाळायला लागतो, त्याला थांबायची सोयच नसते. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पेद्रो फ्लोरेस नावाच्या, फिलिपिन्सहून आलेल्या माणसाने यो-योचा कारखाना काढला. त्याचे यो-यो लाकडीच होते पण दोरा त्याच्या देशाच्या पद्धतीने लावलेला, म्हणजे बांधलेला नाही तर दांडीभोवती नुसता सैल फास. एवढ्याशा फरकाने सगळा खेळ बदलला, कारण आता यो-यो तळाला गेला की त्या फासात गरगरत राहतो, आणि हाताने वर हिसका दिला की मग परत येतो. या तळाशी फिरत राहण्याला खेळाडू स्लीप म्हणतात. यो-यो झोपलेला असतो तेवढ्या वेळात दोऱ्याचे झोके करा, त्याला दोऱ्यावर उतरवा, बोटांवरून उड्या मारायला लावा, बहुतेक ट्रिक्स त्या झोपेच्या वेळात होतात.

पुढे दांडीवर बेअरिंग आलं. सॅन फ्रान्सिस्कोत टॉम कून नावाचे एक दातांचे डॉक्टर होते, यो-योचे प्रचंड वेडे, त्यांनी १९९० मध्ये बॉल बेअरिंगवाला अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो बाजारात आणला आणि झोपेचा वेळ कितीतरी पटीने वाढला. मेटलचा दबदबा आहे त्याची सुरुवात तिथली.

आता तुमच्या हातातला यो-यो उघडून बघा. दोन्ही बाजू दोन हातात धरायच्या आणि बाटलीचं झाकण काढतो तसं पिळायचं, तो उघडतो. खाली वर्तमानपत्र अंथरा, कारण बेअरिंग पडलं की सरळ कपाटाखाली जातं. आत फार काही नसतं. दोन वाट्या, मधोमध एक स्टीलचा आटे असलेला स्क्रू, त्याला अ‍ॅक्सल म्हणतात, त्याच्यावर बसलेलं बेअरिंग, आणि प्रत्येक वाटीत बेअरिंगच्या भोवती एक मऊ रबरासारखी पातळ गोल चकती, तिला रिस्पॉन्स पॅड म्हणतात, ती सिलिकॉनची असते. दोरा बेअरिंगवर बसतो. यो-यो परत यायचा म्हणजे दोऱ्याने या पॅडला घट्ट पकडलं पाहिजे, आणि झोपायचा म्हणजे दोऱ्याने पॅडला शिवता कामा नये. यो-योची निवड मुळात या दोन गोष्टींच्या भांडणातून करायची असते, मेटल की प्लास्टिक हा प्रश्न त्याच्या नंतरचा, आणि लोक नेमके उलटे जातात.

बेअरिंग अरुंद असेल तर दोन वाट्यांमधली फट छोटी राहते, दोरा पॅडच्या अगदी जवळ असतो, बोटाने जरा वर खेचलं की सैल झालेला दोरा पॅडला चिकटतो आणि यो-यो टुणकन हातात. याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. बेअरिंग रुंद घातलं की फट वाढते, आता कितीही हिसके द्या, तो खाली गरगरतच राहणार. हा अनरिस्पॉन्सिव्ह. नवीन माणसाला वाटतं हा बिघडलाय. बिघडलेला नसतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो, कारण मोठ्या ट्रिकमध्ये दोऱ्याचे चार-पाच पदर त्या फटीतून जातात आणि मधेच यो-यो परत आला तर सगळा गुंता होतो.

मग अनरिस्पॉन्सिव्ह परत आणायचा कसा? त्याला बाइंड करायचं. हे शब्दात सांगायला अवघड आहे पण प्रयत्न करतो. यो-यो तुमच्यासमोर खाली फिरतोय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तुम्ही दोरा यो-योच्या जरा वर अडवलाय, आता यो-यो हळूच झुलवून पुढून त्या अंगठ्याकडे आणायचा आणि दोऱ्यावर उतरवायचा, म्हणजे फटीत दोऱ्याचा दुसरा पदर जातो. मग अंगठ्यापाशी जो दोऱ्याचा छोटा फास तयार झालाय तो सैल सोडायचा आणि यो-यो त्याला आत ओढत असताना ज्या हाताच्या बोटात दोरा आहे त्या हाताने अलगद ताण द्यायचा. दोऱ्याचे दोन-तीन पदर एकदम फटीत कोंबले जातात, दोन्ही पॅडना घट्ट धरतात, आणि यो-यो सणकन वर येतो. पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस दचकतो. भाच्याला हे यायला नऊ दिवस लागले, आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्याने जेवायला बसेपर्यंत दुसरं काही केलं नाही.

प्लास्टिकचा पहिला मुद्दा इथे येतो. शिकणाऱ्यांसाठी बनवलेले चांगले प्लास्टिक यो-यो असे असतात की सुरुवातीला अरुंद बेअरिंगवर खेळायचं, यो-यो परत येतो, हात बसतो, फेक सरळ होते, आणि महिना-दोन महिन्यांनी बाइंड शिकायची वेळ आली की तेच उघडून रुंद बेअरिंग घालायचं. यो-योफॅक्टरी कंपनीचा वन नावाचा यो-यो या पद्धतीने खूप जणांनी वापरलाय. डंकन कंपनीचा बेअरिंगवाला बटरफ्लायसुद्धा सुरुवातीला चांगला. मेटलचे यो-यो मात्र बहुतेक सगळे दुकानातून येतात तेच अनरिस्पॉन्सिव्ह. सातवीतल्या मुलाने तो फेकला, परत आला नाही, हाताने दोरा गुंडाळला, पुन्हा फेकला, पुन्हा गुंडाळला, असं वीस वेळा झालं की तो यो-यो कपाटात जातो. मी असे कपाटात गेलेले निदान सहा मेटल यो-यो ओळखीच्या घरांमध्ये बघितलेत, त्यातला एक आज माझ्याकडे आहे, ज्याचा होता त्याने सरळ देऊन टाकला.

आता मेटलची बाजूही खरी सांगतो, कारण मेटल खरंच जास्त फिरतो आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भोवरा डोळ्यासमोर आणा. बारीक, उंच भोवरा आणि रुंद, फुगीर भोवरा, दोन्हींचं वजन सारखं असलं तरी रुंद भोवरा जास्त वेळ तग धरतो, हे आपण लहानपणी बघितलंय. जात्याचंही तसंच, त्याची पाळ मोठी आणि जड म्हणून एकदा वेग आला की ओढ कमी लागते. म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचं वजन किती याच्याइतकंच ते वजन मध्यापासून किती लांब ठेवलंय याला महत्त्व. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो, म्हणजे तेच वजन दुप्पट लांब ठेवलं की त्याचा परिणाम चौपट. समजा ६५ ग्रॅमचा, ५६ मिलिमीटर व्यासाचा यो-यो आहे. ते वजन चकतीसारखं सगळीकडे सारखं पसरलं तर हे आघूर्ण येतं साधारण २५५ ग्रॅम-सेंटिमीटर वर्ग, आणि सगळंच्या सगळं वजन बांगडीसारखं कडेला नेलं तर ५१० च्या आसपास. दुप्पट! खरा यो-यो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो बनवणाऱ्याची सगळी खटपट बांगडीच्या बाजूला सरकायची.

आता घनता बघा. अ‍ॅल्युमिनियमचा एक घन सेंटिमीटर तुकडा २.७ ग्रॅम, पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचा १.२ ग्रॅम. ६५ ग्रॅमच्या यो-योला अ‍ॅल्युमिनियम लागेल २४ घन सेंटिमीटर आणि पॉलीकार्बोनेट ५४. यातले स्क्रू-बेअरिंगचे काही ग्रॅम मी सोडून दिलेत, पण अंदाज यायला एवढं पुरे. एकाच आकारात प्लास्टिकवाल्याला दुपटीहून जास्त माल कोंबावा लागतो, तो सगळा कडेला मावत नाही, मग भिंती जाड होतात आणि वजन मधे सरकतं. अ‍ॅल्युमिनियमवाल्याचं उलटं, मधे पातळ ठेवलं तरी ते वाकत नाही म्हणून उरलेलं सगळं वजन कडेला. काही यो-योत तर कडेला स्टीलची रिंग बसवतात, स्टील जवळपास ८ ग्रॅम, म्हणजे आणखी फायदा. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातयंत्रावर, एकेक कापून काढलेला, त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत, थरथर जवळपास नाही. प्लास्टिकचा साच्यात गरम प्लास्टिक दाबून भरतात, तो थंड होताना आक्रसतो, जाड जागी जास्त, पातळ जागी कमी. भोसरी-चाकणकडे ज्यांनी मोल्डिंगच्या शॉपमध्ये काम केलंय त्यांना हे सांगायला नको. म्हणून प्लास्टिकच्या यो-योत थोडी थरथर असतेच, फिरताना बोटाच्या नखाने कड हळूच शिवली तर जाणवते.

हे सगळं मान्य. मग प्रश्न असा की शिकणाऱ्याला या जास्तीच्या फिरण्याचा उपयोग किती? मी माझे दोन यो-यो घड्याळ लावून बघितले, सारख्याच जोराने दहा-दहा वेळा टाकून. प्लास्टिकचा सव्वा मिनिटाच्या आसपास झोपला, मेटलचा दोन मिनिटांच्या पुढे. आता पहिल्या वर्षात ज्या ट्रिक्स शिकतात त्यातली कुठलीही पंधरा-वीस सेकंदांच्या वर जात नाही. सव्वा मिनिटातली पाऊण मिनिटं तरी तशीच उरतात. नवीन खेळाडूची ट्रिक अर्ध्यात पडते ती यो-यो थांबला म्हणून क्वचितच पडते, ती पडते यो-यो तिरका झाला म्हणून, आणि तिरका होतो कारण फेकताना मनगट वाकडं गेलं. मेटल यो-यो स्थिर असल्याने ती वाकडी फेक झाकून घेतो. ऐकायला बरं वाटतं, पण मग हात सुधारतच नाही. प्लास्टिकवर फेक जरा वाकडी गेली की लगेच दिसते, यो-यो कलतो, दोरा वाटीच्या भिंतीला घासतो, खर्र असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की आपण पुढची फेक सरळ टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की प्लास्टिकवर शिकलेल्या माणसाची फेक आयुष्यभर चांगली राहते.

आता आपटण्याबद्दल, याच्यावर मला जास्त बोलायचंय. व्हिडिओत परदेशातली पोरं गालिचा अंथरलेल्या खोलीत नाहीतर लाकडी जमिनीवर खेळताना दिसतात. आपल्या घरात काय असतं? शहाबादी, मोझॅक, नाहीतर व्हिट्रिफाइड टाइल्स. अंगणात कोबा, सोसायटीत पेव्हर ब्लॉक. शिकताना यो-यो जमिनीला लागणार, भिंतीला लागणार, टेबलाच्या कोपऱ्याला लागणार, आणि दोरा तुटला तर सरळ उडून जाणार. अ‍ॅल्युमिनियम मऊ धातू आहे. माझा पहिला मेटल यो-यो मी तिसऱ्याच दिवशी जिन्याच्या कोब्यावर पाडला. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला, रंग उडाला, ते एक वेळ चाललं असतं, पण खड्डा पडला की तिथला धातू बाजूला सरकून त्याचं बारीकसं टोक वर येतं, डोळ्याला दिसतही नाही. कापसाचा बोळा कडेवरून फिरवला तर त्या जागी कापसाचा धागा अडकतो, तशी ती जागा शोधायची. ते टोक दोरा कापतं. संध्याकाळी खेळताना माझा दोरा तुटला आणि यो-यो शोकेसच्या काचेवर गेला, काच बदलावी लागली. बोटालाही त्या टोकाने चिरा पडल्या होत्या त्या मला तोपर्यंत कळल्याच नव्हत्या. नंतर बारीक पॉलिश पेपरने ती जागा घासली, पण यो-योचा तोल गेला तो गेलाच, अजूनही तो फिरताना गुणगुणतो.

पॉलीकार्बोनेटची गोष्ट वेगळी. हेल्मेटच्या काचा ज्याच्या करतात तेच हे प्लास्टिक, आपटलं की ते धक्का पोटात घेतं आणि पुन्हा होतं तसं होतं. भाच्याच्या यो-योवर आज शंभर ओरखडे असतील, कड हाताला जरा खरखरीत लागते, पण दोरा कापेल असं टोक एकही नाही आणि खेळताना फरक शून्य. लागलं तर लागतं हे मात्र दोघांचंही खरं, ६५ ग्रॅमची वस्तू वेगाने पेरावर आली की प्लास्टिक असो की मेटल, डोळ्यात पाणी येतं. तरी मेटलची धारदार कड दाताला किंवा भुवईला लागणं आणि प्लास्टिकची लागणं यात फरक आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत मी एवढ्या एका कारणासाठीसुद्धा प्लास्टिकच सांगेन.

एकाच यो-योत किती प्रकार होतात हे बघितलं तर प्लास्टिकची खरी किंमत कळते. स्पर्धांमध्ये पाच प्रकार असतात. वन ए म्हणजे एका हाताने एक यो-यो घेऊन दोऱ्याच्या ट्रिक्स, तुम्ही व्हिडिओत बघता ते बहुतेक हेच. टू ए म्हणजे दोन हातात दोन रिस्पॉन्सिव्ह यो-यो घेऊन सतत पुढे फेकत वर्तुळं काढणं. थ्री ए म्हणजे दोन हातात दोन अनरिस्पॉन्सिव्ह. फोर ए मध्ये यो-यो दोऱ्याला जोडलेलाच नसतो, हवेत उडवायचा आणि दोऱ्यावर झेलायचा. आपल्याकडे भोवरा जमिनीवर न टेकवता हवेतच खेचून थेट तळहातावर घेतात ती हातजाळी आठवा, ज्याला हातजाळी येते त्याला फोर ए आवडणार. फाइव्ह ए मध्ये दोरा बोटाला बांधायचा नाही, त्याच्या टोकाला लुडोत असतो तसा एक छोटा फासा किंवा चेंडू बांधायचा आणि तोही फिरवायचा. यातले टू ए आणि फोर ए हे जागतिक स्पर्धेतसुद्धा बहुतेक प्लास्टिकच्याच यो-योवर खेळले जातात. शिंजी सायतो या जपानी खेळाडूने टू ए चं जगज्जेतेपद कितीतरी वेळा मिळवलंय, ते प्लास्टिकवरच. म्हणजे "प्लास्टिकचे खेळण्यातले" हे वाक्य तिथेच निकालात निघतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, सगळं करणारा एकच यो-यो असं काही नसतं. टू ए ला अरुंद, कडा गोल असलेला आकार लागतो, फोर ए ला मोठा, आकाराच्या मानाने हलका आणि बऱ्याचदा कडेला रबर असलेला. फुलपाखराच्या पंखांसारखा मधून बाहेर उघडत जाणारा रुंद आकार, ज्याला बटरफ्लाय म्हणतात, तो घेतला तर वन ए आणि फाइव्ह ए दोन्ही आरामात होतात, तसलाच दुसरा घेतला की थ्री ए चीही जोडी होते, साध्या वर-खाली खेळापासून मोठ्या ट्रिकपर्यंत तोच पुरतो, आणि नवीन माणसाच्या पहिल्या दोन वर्षांना एवढं भरपूर आहे. फाइव्ह ए शिकताना तर यो-यो सतत जमिनीवर पडतो, मेटल घेऊन शिकायची माझी हिंमत होत नाही.

जेंट्री स्टाइन हा अमेरिकन मुलगा २०१४ मध्ये प्रागला वन ए चा जगज्जेता झाला तो शटर नावाच्या मेटल यो-योवर, आणि नंतर त्याच्याच नावाने रिप्ले प्रो हा प्लास्टिकचा यो-यो निघाला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की वजन कडेला कसं न्यायचं हे मेटलवर शिकलेलं ज्ञान आता प्लास्टिकच्या साच्यात उतरलंय. वीस वर्षांपूर्वीचं प्लास्टिक आणि आजचं प्लास्टिक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिप्ले प्रो बॉक्समधून अनरिस्पॉन्सिव्ह येतो, तेव्हा ज्याला बाइंड येतं त्याने तो घ्यावा, अगदी नवख्याने आधी अरुंद बेअरिंगवाला घ्यावा.

किमतीचं. साचा बनवायला एकदाच भरपूर पैसे लागतात, पण त्यातून हजारो नग भराभर निघतात म्हणून एकेक नग स्वस्त. मेटलमध्ये प्रत्येक नग मशीनवर वेळ खातो, वर अ‍ॅनोडायझिंगचा रंग. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा मेटल यो-यो आपल्याकडे येईपर्यंत कस्टम्ससकट चांगलाच महाग पडतो. आता कुणी म्हणेल, ऑनलाइन चिनी मेटल यो-यो प्लास्टिकच्याच भावात मिळतात, मग? मिळतात, आणि त्यातले काही खरंच छान आहेत, माझ्याकडेही एक आहे. पण तो अनरिस्पॉन्सिव्ह, तो आपटला की दोरा कापणार, आणि अ‍ॅक्सलचे आटे थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये कापलेले असतात, जोर करून पिळला की आटे जातात आणि मग तो यो-यो संपला. बऱ्याच प्लास्टिक यो-योत आत एक वेगळा स्टीलचा नट बसवलेला असतो, तो खराब झाला तर नुसता नट बदलता येतो. तरीही प्लास्टिकचा यो-यो बंद करताना जोर करू नका, हाताला घट्ट लागला की थांबा, जास्त पिळला तर मधल्या भागाला तडा जातो आणि त्याला इलाज नाही.

प्लास्टिक नीट सांभाळायचं म्हणजे मुख्यतः रसायनांपासून लांब ठेवायचं. पॉलीकार्बोनेटला नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात चालत नाही, नट सुटू नये म्हणून स्क्रूला लावतात ते चिकट द्रवही नाही, त्याने काही दिवसांत बारीक केसांसारख्या भेगा येतात. बेअरिंग थिनरने धुवायचं असेल तर यो-योतून बाहेर काढून, छोट्या काचेच्या बाटलीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब धुवा, मुलांना एकट्याने करू देऊ नका. पूर्ण वाळलं की मगच परत घाला.

बेअरिंगबद्दल एक उपयोगाची गोष्ट. यो-योत सगळ्यात जास्त चालणाऱ्या मापाला सी साइज म्हणतात, आतलं भोक पाव इंच, बाहेरचा व्यास अर्धा इंच, जाडी ०.१८७५ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात हेच माप आर १८८ या नावाने मागता येतं, दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेलं मागा. फक्त दुकानातलं बेअरिंग ग्रीस भरलेलं असतं, तसंच घातलं तर यो-यो पटकन थांबेल आणि परतही येईल, म्हणजे नकळत रिस्पॉन्सिव्ह होईल. शिकणाऱ्याला काही दिवस ते सोयीचंच आहे! नंतर ग्रीस धुऊन काढा. यो-यो घेताना त्याला सी साइज बेअरिंग लागतं का एवढं विचारून घ्या, म्हणजे पुढे सुटे भाग मिळायला त्रास होत नाही.

दोरा बेंबीपर्यंत उंचीचा ठेवा. यो-यो जमिनीवर टेकवायचा, दोरा सरळ वर धरायचा, बेंबीपाशी फास बांधायचा आणि वरचा तुकडा कापून टाकायचा. मुलं सरसकट लांब दोरा वापरतात आणि यो-यो फरशीवर आपटत राहतो. फास सरळ बोटात घालू नका, फासातून दोराच ओढून सरकफास करा आणि तो मधल्या बोटात घाला. खेळता खेळता दोऱ्याला पीळ पडतो, पीळ फार झाला की बाइंड करताना दोरा गोळा होतो, मग यो-यो खाली लोंबकळत सोडून द्या, तो आपोआप उलटा फिरून पीळ काढतो. दोरा मळका झाला, तंतू सुटायला लागले की बदला, दहा-बारा दोरे एकदम घेऊन ठेवा.

मेटल कधी घ्यायचा? दहापैकी दहा वेळा बाइंड जमायला लागलं, आणि तुम्ही एका फेकीत तीन-चार ट्रिक्स जोडून खेळायला लागलात आणि तेव्हा फेक सरळ असूनही शेवटी यो-यो दम सोडतोय असं वाटलं, की घ्या, त्या दिवशी मेटल हातात आला की त्याचं मोल कळतं. भाच्याला मी तेच सांगितलंय. परवा त्याचा फोन आला होता, मेटलचं नाव काढलं नाही, विचारत होता, "मामा, बेअरिंग कर्रकर्र वाजतंय, काय करू?" तो रत्नागिरीला राहतो आणि पाऊस सुरू झालाय, तेव्हा गंज धरायला सुरुवात झाली असणार. त्याला सांगितलं की बेअरिंग काढून, बाबांना बरोबर घेऊन धू, वाळव, शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा एकच थेंब दे, आणि पावसाळाभर यो-यो दप्तरात नको, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.